पितळी स्टो मोडीत घालायच्या आधी टाकीवरचं नाव वाचा

मा. संपादक,
स. न.

दिवाळीची साफसफाई जवळ आली की घराघरातले माळे रिकामे होतात आणि त्यातून निघालेलं पितळ सरळ मोडीत जातं, त्याबद्दल लिहायचंय. गेल्या रविवारी पुण्याच्या जुन्या बाजारात एका विक्रेत्याकडे मला प्रायमस २१० हा जुना पितळी स्टो दिसला. छोटा, साधारण अर्धा लिटर रॉकेल मावणारा, पाय सुटे होणारा, म्हणजे खास कॅम्पिंगचा. लांबूनच ओळखला आणि जवळजवळ धावतच गेलो, पण हातात घेतल्यावर पोटात खड्डा पडला, कारण गिऱ्हाइकाला चकाचक दिसावा म्हणून त्या माणसाने तो बफिंगच्या चाकावर धरला होता आणि टाकीवरची अक्षरं घासून पार पुसट झाली होती. पाय पण दोनच. तिसरा कुठेय विचारलं तर म्हणाला, सगळं वजनावर घेतलं होतं साहेब, गेला असेल मोडीत.

मी गेली वीसेक वर्षं असे जुने कॅम्पिंगचे स्टो जमवतोय. लोकांना वाटतं की जितका जुना आणि जितका चमकणारा तितकी किंमत जास्त. तसं अजिबात नाहीये. स्टोची खरी किंमत त्याच्या अंगावर ठोकलेल्या अक्षरांत असते, आणि नेमकी तीच आपण घासून टाकतो.

प्रायमसचंच बघा. १८९२ मध्ये स्वीडनच्या लिंडक्विस्ट नावाच्या माणसाने काजळी न धरणारा रॉकेलचा स्टो बनवला. पंप मारून टाकीत हवेचा दाब करायचा, दाबाने रॉकेल वर चढतं, तापलेल्या बर्नरमध्ये त्याची वाफ होते आणि ती बारीक भोकातून सुंऽऽ करत बाहेर येऊन निळी जळते. आपल्या आज्या सकाळी काकडा लावून बर्नर तापवायच्या ते याचसाठी. हा स्टो पुढे स्टॉकहोमची बी. ए. यॉर्थ कंपनी विकायला लागली, तेच नाव टाकीवर असतं. ही कंपनी नंतर बाहको झाली, हो तीच पान्यांची बाहको, गॅरेजवाल्यांना माहीत असेल, आणि १९६२ मध्ये रॉकेलच्या स्टोचा धंदा ऑप्टिमस या दुसऱ्या स्टो कंपनीकडे गेला. म्हणजे नुसतं नाव वाचलं तरी स्टो साधारण कुठल्या काळातला ते कळतं. त्यात प्रायमसवाले १९११ पासून दर वर्षाचं एक अक्षर ठोकायचे, १९११ चा ए, १९१२ चा बी, असं पुढे. ते अक्षर गेलं की स्टोचं वय गेलं.

आणि हे स्टो कुठे कुठे गेलेत! नान्सेनने उत्तर ध्रुवाच्या मोहिमेत प्रायमस नेला, १९११ मध्ये अमुंडसेन दक्षिण ध्रुवावर पोचला तेव्हा त्याच्याकडे प्रायमस होता, आणि २९ मे १९५३ च्या पहाटे एव्हरेस्टच्या शेवटच्या कॅम्पवर हिलरीचे बूट गोठून दगड झाले होते ते त्याने प्रायमसवरच धरून मऊ केले, मग तो आणि तेनसिंग वर निघाले. ब्युटेन गॅस शून्याच्या आसपास थंडीत मान टाकतो, त्याची वाफच होत नाही, रॉकेलच्या स्टोला मात्र दाब पंपाने मिळतो म्हणून तो तिथेही चालतो. सह्याद्रीत एवढी थंडी नसते, तरी पण आमच्या वेळी सॅकमध्ये पितळी स्टो, वर रॉकेलची बाटली आणि सगळ्या कपड्यांना रॉकेलचा वास असाच ट्रेक व्हायचा.

आता किंमत कशाने ठरते ते सांगतो. पहिली गोष्ट म्हणजे स्टो पूर्ण आहे का. पत्र्याचा डबा, तिन्ही पाय, वरची जाळी, चावी, पिन, वाऱ्याचा आडोसा, आणि मूळ खोका किंवा माहितीचा कागद असेल तर मग विचारायलाच नको. स्वीडनचा स्वेआ १२३ घ्या, १९५५ पासूनचा, मुठीत मावेल एवढा, त्याला पंपच नाही, टाकी तापली की आपला दाब आपणच करतो. त्याचं झाकण म्हणजेच एक छोटं ॲल्युमिनियमचं भांडं असतं, आणि ते झाकण आणि साखळीची चावी हेच आधी हरवतं. झाकणासकट मिळालेला आणि बिनझाकणाचा यात पैशाचा खूप फरक पडतो. दुसरी गोष्ट दुर्मिळपणा. घराघरात असायचा तो मोठा प्रायमस नंबर १ एवढा बनला की त्याला जगात कुठेही फार पैसे येत नाहीत, जीव लावून ठेवा पण पैशाची अपेक्षा नको. याउलट अमेरिकेच्या कोलमन कंपनीने दुसऱ्या महायुद्धात सैनिकांसाठी बनवलेला ५२० नंबरचा छोटा स्टो, त्यावर सन ठोकलेलं असतं आणि तो डब्यासकट मिळाला तर लोक शोधत येतात.

तिसरी गोष्ट पितळेला चीर आहे का, आणि इथे आपल्याकडे सगळ्यात जास्त नुकसान होतं. इंग्रजांच्या काळात हिंदुस्थानात पावसाळ्यात तबेल्यात ठेवलेल्या काडतुसांची पितळी नळकांडी आपोआप तडकायची, घोड्यांच्या मुतातला अमोनिया आणि दमट हवा यामुळे. स्टोची टाकीही दाबून घडवलेल्या पितळेची, तिचंही तसंच होतं, आणि काही पॉलिशमध्ये अमोनिया असतो! म्हणून ओल्या फडक्याने पुसा, फार तर सौम्य साबण, चिंच-मीठ लावून घासत बसू नका. केसाएवढी चीर दिसली की संग्राहक हात मागे घेतो, कारण तो स्टो पुन्हा पेटवता येत नाही, नुसता शोकेसमध्ये राहतो. डाग देऊन सांधलेली टाकी पण तशीच, निम्म्या भावाची.

पेटवून बघण्याबद्दलही सांगतो, कारण यात जीवाचा प्रश्न आहे. रॉकेलच्या स्टोमध्ये चुकूनही पेट्रोल घालू नका. पंपाचा चामड्याचा वॉशर सुकलेला असतो, तो तेलात भिजवून मऊ होतो, पण बर्नरखालचा शिशाचा वॉशर बदलल्याशिवाय काडी लावू नका. जुन्या काकड्यात बहुतेक वेळा ॲस्बेस्टॉस असतं, ते पिंजू नका. आपल्याकडे स्टोचा भडका म्हटलं की ऐंशीच्या दशकातल्या सुनांच्या बातम्या आठवतात, त्यामुळे कित्येक घरांना तो डोळ्यासमोरही नको असतो, हे मला समजतं आणि अशा घरात मी कधी आग्रह करत नाही. पण ज्यांना तो नुसता अडगळ म्हणून द्यायचाय त्यांनी मोडीत घालण्याआधी एकदा टाकी उलटी करून बघावं, उजेडात धरून नाव आणि नंबर वाचावा, फोटो काढावा, आणि डब्यातल्या सुट्या सळया भंगार समजून टाकू नयेत.

तो २१० मी शेवटी घेतलाच. टाकीला चीर नाही, पंप ठणठणीत आहे, नवीन वॉशर घालून परवा गॅलरीत पेटवला तर पहिल्या काडीत सूर लागला, शेजारच्या काकू आवाज ऐकून बाहेर आल्या आणि बराच वेळ नुसत्या बघत उभ्या राहिल्या. पण दोन पायांवर भांडं राहत नाही. तिसरा पाय म्हणजे एक साधी सळई आहे, खालचं टोक टाकीच्या खोबणीत बसतं आणि वरचं आत वाकवलेलं. तुमच्या वाचकांपैकी कुणाच्या माळ्यावर अशी सळई सापडली तर ती टाकू नका, मी बुधवारी आणि रविवारी सकाळी जुन्या बाजारात असतोच.

आपला,
एक वाचक, पुणे