रेंज गावात आहे, घरात नाही

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

खानापूर तालुक्याच्या पश्चिम पट्ट्यात मोबाईलला रेंज मिळत नाही, अशी पत्रं आपल्याकडे नेहमीच येत असतील. मीही त्याच पट्ट्यातली, जांबोटीजवळच्या एका गावातली. पण आज मी नुसतं गाऱ्हाणं मांडायला बसलेले नाही. या अडचणीचा एक भाग आपल्या हातांनी सुटतो, हे मला इंग्लंडमधल्या एका कालव्यावर समजलं. ते सांगितल्यावाचून राहवत नाही.

माझी धाकटी लेक आणि जावई तिकडे नावेत राहतात. घरभाडं परवडेना, म्हणून त्यांनी जुनी नाव घेतली. आपल्याकडच्या होडीसारखी ती नव्हे. पोलादाची लांबलचक खोली म्हणा ना. रुंदी सात फुटांनाही किंचित कमी, कारण पाण्याची पातळी चढवण्या-उतरवण्यासाठी अठराव्या शतकात बांधलेले तिथले लॉक तेवढेच अरुंद आहेत. आत शेगडी, बिछाना, न्हाणी, सगळं आहे. ज्या नावेला स्वतःची कायमची जागा नाही, तिला एका ठिकाणी सलग 14 दिवसांपेक्षा जास्त थांबता येत नाही. 1995 च्या कायद्यातच तशी अट आहे. म्हणजे दर पंधरवड्याला मुक्काम हलवायचा. अशा घराला तारेचं इंटरनेट कोण देणार? आणि लेकीची नोकरी हिशेब ठेवण्याची, सगळी इंटरनेटवरच चालणारी.

मी दोन महिने त्यांच्याकडे राहिले. पहिल्या संध्याकाळी घरी फोन लावायला गेले, तर आत एकही काडी दिसेना. पायरी चढून काठावर आले, तर चार काड्या. मी थक्क झाले. लेक म्हणाली, “आई, चारी बाजूंनी लोखंड आहे. रेंज आत शिरणार कुठून?” नावेचा तळ 10 मिलिमीटर, बाजू 6 मिलिमीटर, वरचं छप्पर 4 मिलिमीटर जाडीचं. रेडिओलहरी धातूवर आदळून परत फिरतात, खिडक्यांतून थोड्याफार आत येतात तेवढ्याच.

त्या क्षणी मला माझं स्वयंपाकघर आठवलं. 2019 च्या त्या भयंकर पावसानंतर आम्ही कौलं उतरवून घरावर पत्रे घातले. तेव्हापासून चुलीपाशी फोन लागत नाही आणि आम्ही सगळे टॉवरच्या नावानं बोटं मोडत होतो. इतकी वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं, पण ही गोष्ट ध्यानात आली नाही, याचं वाईट वाटलं.

नावेतले लोक काय करतात? अँटेना छपरावर बाहेर बसवतात. त्याच्या दोन वायरी आत आणून सिमकार्ड घालायच्या राउटरला जोडतात आणि राउटर आत वायफाय देतो. फोनमध्ये वायफाय कॉलिंग सुरू केलं की साधे कॉलसुद्धा त्यावरून लागतात. वायर जेवढी लांब तेवढी रेंज वाटेत गळते, म्हणून राउटर अँटेनाच्या जवळ ठेवायचा. जावयाकडे दोन वेगळ्या कंपन्यांची सिमं होती. एका मुक्कामी एक चालायचं, दुसऱ्या मुक्कामी दुसरं. नाव बांधण्याआधी लेक फोन हातात धरून काठानं पुढे चालत जायची. कालवा टेकडी कापून नेलेला असला की तिथे काहीच मिळायचं नाही, शे-दोनशे मीटर पुढे मोकळ्यावर आलं की सगळं सुरळीत. ब्लिसवर्थचा बोगदा पावणेतीन किलोमीटरहून लांब आहे. त्यातून जायला अर्धा-पाऊण तास लागतो, आणि तेवढा वेळ फोन बंदच राहणार हे ती कामावर आधी कळवून ठेवायची.

परत आल्यावर मी तेच घरी केलं. राउटर आणि बाहेरचा अँटेना बेळगावात मिळाला, दोन्ही मिळून एका साध्या मोबाईलच्या किमतीत. आमच्या मागच्या दारी लांब बांबू रोवला. अँटेना एकाच दिशेची रेंज खेचणारा आहे, म्हणून शेजारचा मुलगा बांबू हळूहळू फिरवत होता आणि मी आत राउटरचे आकडे वाचत होते. हवी ती दिशा सापडली ती आम्ही समजत होतो तिच्या अगदी उलट, डोंगराच्या खिंडीकडे. आता मी स्वयंपाकघरात बसून लेकीशी बोलते, तिचा चेहरा पाहते. ज्यांना करायचं असेल त्यांनी अँटेनाला अर्थिंग मात्र नक्की करावं. आपल्याकडच्या वळवाच्या विजा थट्टेच्या नाहीत.

आणखी एक कळकळीनं सांगते. बाजारात ‘बूस्टर’ म्हणून पेटी विकतात, ती घेऊ नका. आलेली रेंज वाढवून ती पुन्हा हवेत सोडणारं हे यंत्र आपल्या देशात परवानाधारक कंपनीशिवाय कुणालाही बसवता येत नाही. ते बेकायदा तर आहेच, शिवाय त्यानं आसपासच्या सगळ्यांच्या फोनची रेंज बिघडते. अँटेना आणि सिमचा राउटर ही गोष्ट वेगळी.

मात्र अँटेना हवेत असलेलीच रेंज पकडतो. जिथे हवेतच काही नाही, तिथे तो काय करणार? भीमगड अभयारण्यातल्या गवाळी, पास्टोली, कृष्णापूरसारख्या गावांचा प्रश्न बांबूनं सुटणारा नाही. केंद्रानं जुलै 2022 मध्ये मोबाईल सेवा न पोचलेल्या 24,680 गावांत 4जी नेण्यासाठी 26,316 कोटी रुपयांची योजना मंजूर केली. आपल्या तालुक्यातली नेमकी कोणती गावं त्या यादीत आहेत, हे पंचायतीच्या फलकावर लागलं पाहिजे.

दुसरं दुखणं विजेचं. नावेत राउटर 12 व्होल्टच्या बॅटरीवर थेट चालतो. बॅटरी इंजिनावर आणि छपरावरच्या सोलर पॅनेलवर भरते. मीही घरी तसंच केलं, लाईट गेली तरी राउटर चालू राहतो. पण आषाढात लाईट दोन-दोन दिवस येत नाही आणि काही तासांतच आमचा टॉवरच मुका होतो. मग माझ्या बॅटरीचा उपयोग काय? आम्ही तक्रार केली, तर उत्तर मिळालं की तुमचा फोन धरतो तो टॉवर दुसऱ्या सर्कलचा, म्हणजे मोबाईल सेवेच्या दुसऱ्या विभागाचा आहे. कंकुंबी-चोर्ल्याकडे फोन कधी कर्नाटकातला टॉवर धरतो, कधी गोव्याकडचा. सीमेवरच्या माणसानं प्रत्येक बाबतीत हेच ऐकायचं का? ज्याचा टॉवर असेल त्यानं तिथे पुरेशी बॅटरी आणि डिझेल ठेवावं. बाळंतीण अडली, कुणाला साप चावला, तर ॲम्ब्युलन्स बोलवायला दुसरा मार्ग नसतो.

2020 साली शाळा बंद होत्या, तेव्हा माझ्या नोकरीचं शेवटचं वर्ष होतं. मुलं छत्र्या घेऊन माळावर चढायची, चिखलात गोणपाट टाकून एका फोनभोवती पाच-सहा जण बसायची. आवाज तुटला की माझ्याकडे बघायची. त्यांच्या शाळेचं छप्परही पत्र्याचंच होतं. त्या छपरावर एक अँटेना असता तर त्यातली निम्मी मुलं तरी वर्गात कोरड्या जागी बसली असती, हे आज लक्षात येतं आणि जीव तुटतो.

म्हणून माझी ग्रामपंचायतींना विनंती आहे, की पावसाळ्याआधी गावातल्या शाळेत किंवा वाचनालयात असा एक संच बसवावा. मराठी शाळांच्या माजी विद्यार्थ्यांनीही वर्गणी काढून हे करावं, खर्च आवाक्यातला आहे. आमच्या गावच्या शाळेसाठी बांबू मी तोडून ठेवला आहे. दिशा शोधायला मी स्वतः येईन, आणि बांबू फिरवणारा शेजारचा मुलगाही तयार आहे.

आपली नम्र,
एक निवृत्त शिक्षिका
जांबोटी परिसर, ता. खानापूर, जि. बेळगाव