पंपाजवळून लिहिलेले पत्र

भायखळा, मुंबई
दि. १६ एप्रिल

चि. निखिल यास,
अनेक आशीर्वाद.

तू सोसायटीचा सचिव झाल्याचे तुझ्या आईकडून कळले. इमारतीमागची मोकळी जागा गाड्या लावायला द्यावी असा काही सभासदांचा हट्ट आहे आणि त्यांना नाही कसे म्हणावे या पेचात तू आहेस, असेही ती म्हणाली. अग्निशमन दलातल्या माझ्या नोकरीच्या गोष्टी मी घरी फारशा कधी बोललो नाही, म्हणून आज लिहितो आहे.

वर्दी, म्हणजे मदतीसाठीची खबर, आली की बंब बाहेर काढायचा आणि जागेवर पोहोचल्यावर पंपाजवळ उभे राहायचे, हे यंत्रचालक म्हणून माझे काम. जवान पाठीवर श्वसनयंत्र बांधून होज, म्हणजे पाण्याचा जाड पाइप, घेऊन आत शिरतात. यंत्रचालकाला मात्र आग पुष्कळदा दिसतही नाही. पाणी सोडले की रस्त्यावरचा होज ताठ होतो, आत ब्रांच, म्हणजे होजच्या टोकाची तोटी, उघडली की दाबाची सुई खाली येते, आणि आपली माणसे काम करीत आहेत एवढेच त्यावरून कळते. बंबाच्या टाकीतले पाणी काही मिनिटांचेच असते. ते संपण्याआधी टँकर किंवा हायड्रंट (आगीसाठीचा पाण्याचा मोठा नळ) जोडला गेला नाही, तर आतल्या माणसांच्या हातात नुसती ब्रांच उरते.

एका रात्री एका गल्लीच्या तोंडाशीच बंब अडला, कारण दोन्ही बाजूंना दुचाकी लावलेल्या होत्या. जवानांनी त्या उचलून बाजूला ठेवल्या, तोवर बाकीच्यांनी होजला होज जोडत पाणी आत नेले. तिसऱ्या मजल्यावरच्या आजींना त्यांनी खाली आणले, पण तोवर त्यांचे दोन्ही हात भाजले होते. त्या दुचाकींचे मालक काही वाईट लोक नव्हते. तुझ्या सभासदांसारखेच होते.

परवा १४ एप्रिलला हुतात्म्यांना मानवंदना द्यायला गेलो होतो. १९४४ साली याच दिवशी व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकिन’ जहाजाला आग लागली. त्यावर कापसाच्या गासड्या होत्या आणि शेकडो टन स्फोटकेही होती. पण धोक्याची खूण म्हणून लावायचे लाल निशाण जहाजावर नव्हते. दुपारी चारनंतर झालेल्या स्फोटांत आपल्या दलाचे ६६ जण गेले. मे २०१५ मध्ये काळबादेवीच्या आगीत इमारत कोसळली आणि प्रमुख अधिकारी सुनील नेसरीकर यांच्यासह चार अधिकारी आपण गमावले. म्हणून तुला सांगतो, कधी वेळ आलीच तर बंब येताच पुढे होऊन आत कोण अडकले आहे, सिलिंडर कुठे आहेत, वीज बंद केली आहे की नाही, हे नीट सांगणारा एक माणूस फाटकाशी उभा असला पाहिजे.

लोकांना आम्ही आगीपुरतेच आठवतो, पण पावसाळ्यात पडलेली झाडे, कोसळलेली घरे, लिफ्टमध्ये अडकलेली माणसे, संक्रांतीला मांजात गुरफटलेले पक्षी, या सगळ्याच्या वर्द्या येतात आणि प्रत्येक वर्दीला जावेच लागते.

आता तुझ्या इमारतीविषयी. २००६ च्या महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियमानुसार परवानाधारक संस्थेकडून आग विझवण्याची यंत्रणा तपासून घेऊन दर जानेवारी व जुलैत ‘नमुना ब’ प्रमाणपत्र द्यावे लागते. ते कागदावर पुरे करून फाइलला लावू नकोस. प्रत्येक मजल्यावरची होजची पेटी स्वतः उघडून बघ; पितळेची ब्रांच चोरीला गेलेली आणि आत झाडू, चपला कोंबलेल्या अशा पेट्या मी पुष्कळ पाहिल्या आहेत. पंप चालू करायला लावून सर्वांत वरच्या मजल्यावर पाणी जोराने येते का ते पाहा. मागची जागा आमच्या शिडीच्या गाडीला उभे राहून वळायला लागते, हे सभेत माझे नाव घेऊन सांग. हवे असेल तर मी स्वतः येऊन बोलेन.

रविवारी गच्चीच्या दाराला कुलूप आहे का आणि असल्यास किल्ली कोणाकडे असते, एवढे पाहून मला फोन कर.

तुझे,
बाबा