पाऊस मी पाडते

नेरिमा, तोक्यो
२२ जून, रविवार

तीर्थरूप बाबा आणि सौ. आई यांना शिरसाष्टांग नमस्कार.

मी खुशाल आहे. हे पहिल्याच ओळीत लिहिते, कारण आई एवढंच वाचून चष्मा काढते आणि उरलेलं बाबांकडून ऐकते. जेवण वेळेवर होतं. रात्री उशीर झाला तरी स्टेशनपासून घर नऊ मिनिटांवर आहे आणि वाटेत रात्रभर उघडी असणारी तीन दुकानं आहेत. वजन उतरलेलं नाही, व्हिडिओ कॉलवर तसं दिसतं. बातम्यांत भूकंप दाखवला की घाबरून फोन लावत बसू नका, मीच करते.

परवा फोनवर बाबा म्हणाले, "तुझा तो पिक्चर बघितला. बरा आहे. पण त्यात काही घडतच नाही गं." आणि लगेच फोन आईकडे दिलात. तेव्हापासून उत्तर डोक्यात घोळतंय. फोनवर मला सुचत नाही, म्हणून हे पत्र.

खरं आहे, 'माय नेबर टोटोरो'मध्ये व्हिलन नाही. १९८८चा ॲनिमे, म्हणजे चित्रं काढून केलेला जपानी पिक्चर, दोन बहिणी, आजारी आई दवाखान्यात, वडील कामावर. दादा म्हणाला की अर्ध्या तासानंतर तुम्ही विचारलंत, "भांडण कधी सुरू होणार?" पण बस स्टॉपचा प्रसंग तुम्ही न बोलता बघितलात, हेही त्यानेच सांगितलं. धाकटी थोरलीच्या पाठीवर झोपलेली, वडिलांची बस येत नाही, पाऊस. शेजारी तो भलामोठा प्राणी डोक्यावर पान ठेवून येऊन उभा राहतो. थोरली त्याला छत्री देते. छत्रीवर थेंब वाजतात, ते त्याला इतके आवडतात की तो उडी मारतो आणि झाडावरचं सगळं पाणी एकदम खाली येतं. घडलं ते एवढंच.

दादाच्या इंग्रजी मालिकेत हा प्रसंग असता तर पहिल्या मिनिटाला मोटार आली असती. त्याच्या 'गेम ऑफ थ्रोन्स'चे आठ सीझन मीही बघितलेत, नावं ठेवत नाही. पण तिथे भाग संपताना कुणीतरी मरतं किंवा मरता मरता राहतं, म्हणजे तुम्ही पुढचा भाग लावावा.

हा फरक मला पुस्तकातून नाही, हातातून कळला. मुंबईला असताना मी परदेशी मालिकांचं रोटो, म्हणजे शॉटमधला माणूस मागच्या देखाव्यातून कापून वेगळा करायचं काम करायचे, तेव्हा तुम्ही शेजाऱ्यांना 'कॉम्प्युटरमध्ये आहे' एवढंच सांगायचात. एका शॉटमध्ये नटी पुलावर उभी होती, केस वाऱ्यावर. मागचा निळा पडदा जाऊन तिथे शहर यायचं होतं, म्हणून तिची एकेक बट फ्रेमगणिक कापायची. सेकंदाला चोवीस फ्रेम. आठवड्याला माझे चार-पाच सेकंद व्हायचे. तेव्हा लक्षात आलं, कॅमेऱ्यासमोर माणूस उभा केला की कितीतरी गोष्टी फुकट मिळतात. पापणी लवते, श्वास चालतो, गळ्याची शीर हलते. नटी नुसती उभी राहिली तरी काहीतरी चालूच असतं.

इथे ॲनिमेत फुकट काहीच नाही. कागद कोरा. बाई उभी आहे आणि श्वास घेतेय एवढं दाखवायचं तरी कुणीतरी तो श्वास काढायला बसतं. त्यामुळे दिग्दर्शक आधी विचारतो, हवाय का तो श्वास? आणि हवा असला, तर तो बघणाऱ्याला दिसलाच पाहिजे अशी जागा करून देतो. माझ्या विभागाला अजून 'सात्सुएई' म्हणजे चित्रीकरण म्हणतात. पारदर्शक शीटवरची चित्रं कॅमेऱ्याखाली ठेवायचे तेव्हापासूनचं नाव. आता कॅमेरा नाही, मी कॉम्प्युटरवर चित्रं, मागचा देखावा, प्रकाश एकत्र बसवते. आणि पाऊस. पाऊस मी पाडते, बाबा. मागच्या महिन्यात खिडकीवरच्या पावसाचा एक शॉट पाच वेळा परत आला. दर वेळी म्हणायचे, थेंब कमी करा. शेवटी काचेवर एकच थेंब उरला, तो अर्ध्यावर थांबतो आणि मग घसरतो. तेव्हा पास झाला. बघताना मला आपल्या मागच्या खोलीची खिडकी आठवली, हे कुणाला सांगितलं नाही.

हे सगळं खोल विचारातून आलं असं समजू नका. गरिबीतून आलं. १ जानेवारी १९६३ला तेझुका ओसामूंची 'ॲस्ट्रो बॉय' टीव्हीवर सुरू झाली. दर आठवड्याला अर्धा तास, आणि पैसे तुटपुंजे. सेकंदाला चोवीस चित्रं परवडणार कशी? मग एकेक चित्र तीन-तीन फ्रेम धरून ठेवायचं, म्हणजे सेकंदाला आठ. बोलताना तोंड तेवढं हलवायचं: उघडं, अर्धं, मिटलेलं. त्याला आम्ही आजही 'कुचिपाकु' म्हणतो. पाहुणे वाढले म्हणून आमटीत पाणी वाढवलं, तसंच. पण कटाची आमटी तरी काय आहे? पुरणाच्या डाळीचं पाणी फेकवेना म्हणून झाली, आणि तुम्ही पोळीच्या आधी तीच मागता. इथल्या लोकांनाही नंतर चव लागली. 'इव्हँजेलियन' या इथल्या मालिकेत दोन मुली लिफ्टमधून जातात, जवळजवळ पन्नास सेकंद चित्र स्थिर, लिफ्टचा आवाज तेवढा. एकमेकींशी पटत नाही हे सांगायला एक शब्द खर्च केलेला नाही.

दादाची बाजूही सांगते, नाहीतर तो म्हणेल ही जपानी झाली. 'ब्रेकिंग बॅड' या अमेरिकन मालिकेत एक अख्खा भाग दोघं जण एका माशीच्या मागे लागतात. २०१०चा. तोही पैसे वाचवायलाच एका जागी केला होता. दादा म्हणाला होता, हा सोडून दे, काही नाही त्यात. मला त्या मालिकेतला तोच आवडतो. आणि ॲनिमेतल्या मारामारीच्या मालिका विचारूच नका. ठोसा उगारला की तो लागायला पुढचा आठवडा उजाडतो, मधल्या वेळात मनातल्या मनात भाषण. आईच्या मालिकेत सून वळून बघते तेव्हा तीनदा ढण्ण होतं, ते यापुढे काहीच नाही.

टोटोरोचे दिग्दर्शक मियाझाकी यांनी एका मुलाखतीत रॉजर ईबर्ट या अमेरिकन समीक्षकाला टाळ्या वाजवून दाखवल्या होत्या. दोन टाळ्यांच्या मधली जागा, तिला इथे 'मा' म्हणतात. भजनात टाळ धरणाऱ्या माणसाला मी हे काय सांगणार.

आणि 'कार्टूनच्या कंपनीत' हा शब्द आता सोडा. दादा लहान असताना रविवारी सकाळी दूरदर्शनवर 'जंगल बुक' लागायचं, तेव्हा तुम्ही अर्ध्या गालाला साबण तसाच ठेवून खुर्चीत बसायचात असं आई सांगते. गाणं आपल्या गुलजारांचं, पण मोगली जपानी होता.

आता एक गंमत. इथे थिएटरात पिक्चर संपला तरी कुणी उठत नाही. पहिल्यांदा गेले तेव्हा शेवट झाला, पडदा काळा झाला, पांढरी नावं वर सरकायला लागली आणि मी सवयीने पिशवी खांद्याला लावून उभी राहिले. आजूबाजूला बघते तर सगळे बसलेले. वाटलं, अजून काही आहे, म्हणून मीही बसले. काही नव्हतं. नुसती नावं, पाच-सहा मिनिटं. कुणी मोबाइल काढत नाही, कुणी 'कसा वाटला' विचारत नाही. दिवेसुद्धा शेवटचं नाव गेल्यावरच लागतात. मग सगळे उठतात, आपापला पॉपकॉर्नचा डबा स्वतः उचलून दाराशी उभ्या असलेल्या मुलीच्या हातात देतात, आणि बोलणं सुरू होतं ते पार जिन्यात. साताऱ्याला शेवटच्या मारामारीतच दारं उघडतात आणि पंखे बंद होतात. मी सहकारी मुलीला विचारलं, का बसता? तिला प्रश्नच कळला नाही. म्हणाली, संपला नव्हता ना.

मार्चमध्ये आमचा पिक्चर लागला, तेव्हा मी तिकीट काढून गेले. माझं नाव शेवटून चौथ्या रांगेत, दोन सेकंद. जपानीत 'व' चा 'ब' होतो, 'ल' चा 'र', त्यामुळे वृषालीची 'बुरुशारी' झालेय. पण भरलेल्या थिएटरात ती दोन सेकंद कुणीही उठलं नाही. फोटो काढता येत नाही, म्हणून पाठवला नाही. तुम्हाला तेव्हा सांगितलंही नाही, कारण त्याच आठवड्यात आईच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन होतं आणि मी रजा मिळत नाही म्हणाले होते. रजा खरंच मिळत नव्हती. टोटोरोतली धाकटी आईसाठी मक्याचं कणीस घेऊन पायी निघते ना, तो भाग मी हल्ली न बघताच पुढे सरकवते.

पैशाचं. या महिन्यात पाच हजार कमी आलेत, माझा पगार कमी झालेला नाही, येन पडलाय. स्लॅबचा हप्ता चुकणार नाही, वहिनीला सांगा काळजी करू नको. इथे चित्रं काढणाऱ्या पोरांना फार थोडं मिळतं, ते वाचून बाबांनी कात्रण पाठवलं. मी पगारावर आहे, चित्रांच्या हिशेबावर नाही.

गणपतीला येणं होत नाही. इथे नव्या मालिका जानेवारी, एप्रिल, जुलै, ऑक्टोबर अशा सुरू होतात, आणि आमची ऑक्टोबरची आहे. गेल्या वर्षीही हेच लिहिलं होतं, माहीत आहे. दिवाळीचं तिकीट बघतेय.

पुण्याच्या स्थळाबद्दल. पत्रिका बघितली, फोटोही. मुलगा चांगला दिसतो. त्यांनी विचारलंय की मुलगी परत कधी येणार, तर आई, तू त्यांना 'लवकरच' सांगू नकोस. मी नाही म्हणत नाहीये. त्यांनी मला सरळ फोन करावा, रविवारी, आपल्या दुपारी.

आणि बाबा, पुढच्या वेळी फोन लगेच आईकडे देऊ नका. बोलायला नसलं तरी धरून बसा. मला मागचा पंखा ऐकू येतो.

तुमची,
वृषाली

ता. क. गोडा मसाला अजून आहे, पार्सल करू नका, टपालखर्च फार. दादाच्या ऑफिसातला कुणी इकडे येणार असेल तर मात्र पावशेर द्या. आईचे थेंब दिवसातून चार वेळा, विसरू नका.