ऑप्शन फॉर्मची खालची नावंही तितकीच महत्त्वाची

संपादक महोदय,

बारावी आणि अभियांत्रिकीच्या सीईटीचे निकाल लागले की कॉलेज रोडवर क्लासवाल्यांचे फ्लेक्स झळकतात आणि आपल्या अंकातही गुणवंतांचं पान येतं. मुलांचं कौतुक व्हायलाच हवं. पण सगळ्यांना प्रश्न एकच, ‘आता कुठं?’, आणि उत्तरंही ठरलेली: आयआयटी, नाहीतर पुण्याचं सीओईपी, नाहीतर मुंबईचं व्हीजेटीआय. हमखास मिळेल आणि घरच्यांना झेपेल अशा कॉलेजाचं नाव घ्यायला हुशार मुलांना कमीपणा वाटतो. मी बँकेत बरीच वर्षं शैक्षणिक कर्जाच्या टेबलावर होतो. मुलांची गुणपत्रिका आणि वडिलांचा उत्पन्नाचा दाखला एकाच फायलीत पाहायची सवय आहे, म्हणून हे पत्र.

राज्याच्या केंद्रीय प्रवेश प्रक्रियेच्या, म्हणजे कॅपच्या, ऑप्शन फॉर्ममध्ये कॉलेज आणि शाखेचे ३०० पर्यंत पर्याय पसंतीक्रमानं भरता येतात. वरचे दहा-बारा घरात चर्चा करून भरले जातात. खालचे बहुतेकदा शेवटच्या रात्री, सायबर कॅफेवाला सुचवेल तसे. ९६-९७ पर्सेंटाइलच्या मुलाला कोणतं कॉलेज मिळणार हे मात्र या खालच्या भागातच ठरतं. वरच्या भागाचीही गंमत आहे. २०२५-२६ पासून पहिल्या फेरीत पहिला पर्याय, दुसऱ्या फेरीत पहिल्या तीनपैकी आणि तिसऱ्या फेरीत पहिल्या सहापैकी कोणताही पर्याय मिळाला की तो आपोआप फ्रीझ, म्हणजे पक्का, होतो. म्हणजे केवळ नाव मोठं म्हणून नको असलेली शाखा दुसऱ्या क्रमांकावर टाकली आणि दुसऱ्या फेरीत ती लागली, की पुढच्या फेऱ्यांचं दार बंद. मागच्या वर्षीचा कटऑफ पाहताना पर्सेंटाइलपेक्षा मेरिट नंबर पाहावा, कारण परीक्षेला बसणाऱ्यांची संख्या दरवर्षी बदलते. आपल्या नंबरच्या बऱ्याच खाली बंद झालेली चार-पाच कॉलेजं, जिथं मूल मनापासून जाईल अशी, यादीत असायलाच हवीत. ती आधी जाऊन बघावीत. प्राचार्यांच्या केबिनपेक्षा गेटबाहेरच्या चहाच्या टपरीवर शेवटच्या वर्षाची मुलं जास्त खरं सांगतात: प्रॅक्टिकल होतात का, शिक्षक टिकतात का, आपल्या शाखेतली किती मुलं कंपन्यांनी घेतली. नाशिकमध्ये के. के. वाघ अभियांत्रिकी महाविद्यालय १९८४ पासून आहे, गंगापूर रोडला मराठा विद्या प्रसारक समाजाचं (मविप्र) अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. मी जाहिरात करत नाही. गावातलं म्हणून नाक मुरडण्याआधी एक चक्कर मारा, एवढंच.

याउलट, सुरक्षित पर्याय म्हणून पालक जे करतात ते मला पटत नाही. एप्रिल-मे महिन्यात, सीईटीचा निकालही लागलेला नसताना, एखाद्या खासगी विद्यापीठाचा फोन येतो, ‘जागा भरत आल्यात’. घाबरून पैसे भरले जातात. भरलेले पैसे वाया जाऊ नयेत म्हणून पुढं तिथंच प्रवेश घेतला जातो. ही सुरक्षितता नव्हे, भीतीची खरेदी आहे.

निफाड तालुक्यातले एक द्राक्ष बागायतदार मुलीला घेऊन बँकेत आले होते. हातात पुण्याच्या एका मोठ्या नावाच्या खासगी संस्थेचं पत्र. मी म्हटलं, दादा, हिला नाशिकमध्ये कॅपमधून हीच शाखा मिळेल. ते म्हणाले, ‘साहेब, पोरीनं कधी नव्वदच्या खाली मार्क आणले नाहीत, मग कॉलेज साधं कसं घ्यायचं?’ माहितीपत्रकाच्या मधल्या पानावर फी होती आणि तिच्याखाली बारीक अक्षरात ‘इतर शुल्क वेगळे’. त्या ओळीवर बोट ठेवून मुलीनंच विचारलं, ‘यात होस्टेल आणि मेस धरलीय का?’ धरली नव्हती.

हिशोब असा मांडावा. सगळं धरून वर्षाला ३ लाख, म्हणजे चार वर्षांत १२ लाख. दर वर्षाच्या सुरुवातीला पैसे उचलले आणि व्याज १० टक्के सरळ धरलं, तर शिक्षण आणि हप्ते सुरू होण्याआधीचं वरचं एक वर्ष संपेपर्यंत ४ लाख २० हजार व्याज चढतं. मग १६ लाख २० हजारांवर दहा वर्षांचा हप्ता येतो महिना सुमारे २१,४०० रुपये. पहिल्या नोकरीच्या पगारातून हा हप्ता, पुण्यातलं घरभाडं आणि वर गावाकडं चार पैसे. बागेला गारपीट लागली तर विचारूच नका.

कर्ज वाईट असं मी म्हणत नाही. आयआयटी, एनआयटी किंवा सीओईपी-व्हीजेटीआय मिळत असेल तर बिनधास्त काढावं. आयआयटीत कुटुंबाचं उत्पन्न १ लाखाच्या आत असेल तर शिकवणी शुल्क पूर्ण माफ, १ ते ५ लाखांत असेल तर दोन तृतीयांश माफ. पण खासगी नावासाठी १२-१५ लाख जास्त मोजायचे तर त्या नावानं नेमकं काय जास्त मिळणार, हे कागदावर लिहिता यायला हवं. आणि नावाची हौस पुढंही भागवता येते. नाशिकमध्ये बी.ई. करून एम.टेक.ची प्रवेश परीक्षा, गेट, चांगली दिली तर आयआयटीत एम.टेक. करता येतं, वर दरमहा १२,४०० रुपये विद्यावेतन मिळतं.

सरकारी सवलतीही लोक मोजत नाहीत. उत्पन्न ८ लाखांच्या आत असेल तर टीएफडब्ल्यूएस (ट्यूशन फी वेव्हर स्कीम) या योजनेतली जागा मिळू शकते, तिथं शिकवणी शुल्क माफ. तिचा चॉइस कोड, म्हणजे फॉर्ममध्ये भरायचा पर्यायाचा क्रमांक, वेगळा असतो, शेवटी ‘टी’ असतो, तो फॉर्ममध्ये स्वतंत्र भरावा लागतो. कित्येकांना हे फॉर्मची तारीख गेल्यावर कळतं. मुलींसाठी तर २०२४-२५ पासून ईडब्ल्यूएस (आर्थिकदृष्ट्या दुर्बल), एसईबीसी (सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास) आणि ओबीसी गटांत ८ लाखांपर्यंतच्या उत्पन्नाला शिकवणी आणि परीक्षा शुल्काची पूर्ण माफी आहे, पण कॅपमधून प्रवेश घेतला तरच. मॅनेजमेंट कोट्यातून गेलं की ती गेली. त्या बागायतदारांच्या मुलीला ही माफी लागू झाली असती. तेव्हा हा निर्णय व्हायचा होता.

आपल्याला एक विनंती. ऑप्शन फॉर्म सुरू होण्याआधी गुणवंतांच्या पानाशेजारी एक कोष्टक छापा: नाशिक जिल्ह्यातली अभियांत्रिकी महाविद्यालयं, शाखा, मागच्या वर्षी प्रत्येक फेरीत बंद झालेला मेरिट नंबर, शुल्क नियामक प्राधिकरणानं ठरवलेली फी आणि होस्टेलचा खर्च. निफाड-दिंडोरीचे पालक ते कापून खिशात ठेवतील.

– एक निवृत्त बँक अधिकारी, इंदिरानगर, नाशिक