शौनकच्या आरोग्यविम्याविषयी

एडिसन, न्यू जर्सी
३ जानेवारी २०२६

प्रिय मंदार,

सप्रेम नमस्कार.

वर्षाचे उत्पन्न १४,७०० डॉलर दाखवल्यावर शौनकला मार्केटप्लेसवर, म्हणजे विमा विकत घेण्याच्या सरकारी बाजारात, प्रीमियमसाठी काहीच सबसिडी मिळाली नाही आणि मेडिकेड या कमी उत्पन्नवाल्यांसाठीच्या सरकारी विमा योजनेनेही नकार दिला, हे वाचून वाईट वाटले. आश्चर्य मात्र वाटले नाही. सव्वीस पूर्ण झाल्यामुळे तो आईच्या, म्हणजे मीनाताईंच्या, विम्यातून बाहेर पडला, आणि राहतो टेक्सासमधल्या ह्यूस्टनला. सगळी अडचण तिथून सुरू होते.

२०१० च्या आरोग्यविमा कायद्यात (ज्याला ओबामाकेअर म्हणतात) या दोन्ही योजना एकमेकींना जोडून आखलेल्या होत्या. दारिद्र्यरेषेच्या १३८ टक्क्यांपर्यंत उत्पन्न असलेल्या प्रौढांना मेडिकेड मिळावे, त्यावरच्यांना विकत घेतलेल्या विम्यासाठी सबसिडी मिळावी, आणि जो मेडिकेडला पात्र आहे त्याला सबसिडी नसावी, अशी ती आखणी होती. दारिद्र्यरेषेखालच्यांची सोय मेडिकेडमध्ये होणारच, असे धरून सबसिडीची खालची मर्यादा १०० टक्क्यांवर ठेवली गेली. पुढे जून २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मेडिकेडचा हा विस्तार राज्यांच्या मर्जीवर सोडला, टेक्सासने तो आजतागायत केला नाही, आणि सबसिडीची खालची मर्यादा मात्र होती तिथेच राहिली. त्यामुळे मूलबाळ नसलेल्या धडधाकट तरुणाचे उत्पन्न कितीही कमी असले तरी तुमच्याकडे त्याला मेडिकेड नाही, आणि दारिद्र्यरेषेखाली आहे म्हणून सबसिडीही नाही. हाच मुलगा इथे माझ्या शेजारी राहत असता, तर एवढ्याच उत्पन्नावर त्याला प्रीमियम न भरता मेडिकेड मिळाले असते. ज्याची कमाई सर्वांत कमी, त्यानेच विम्याची पूर्ण किंमत मोजावी, हे मला मुळीच पटत नाही, आणि इतकी वर्षे ते तसेच चालू राहावे याचा रागही येतो.

आता त्याच्या अर्जाकडे वळतो. १४,७०० हा आकडा तबल्याच्या शिकवण्या आणि ध्वनिमुद्रणाची कामे यांतून खर्च आणि स्वयंरोजगार कराचा निम्मा भाग वजा जाता उरलेला आहे, असे तू लिहिले आहेस. पण आजीने त्याच्या नावे पुण्याच्या बँकेत ठेवलेल्या मुदत ठेवीचे व्याज त्यात धरलेले दिसत नाही. अमेरिकेच्या करदात्याला भारतातले व्याजही इथल्या विवरणपत्रात दाखवावेच लागते, आणि सबसिडीसाठी तेही उत्पन्नच असते. ते १,२०० डॉलरच्या आसपास असेल, तर बेरीज १५,९०० होते. एकट्या माणसासाठी या वर्षीच्या सबसिडीला लागू असलेली दारिद्र्यरेषा १५,६५० डॉलर आहे, म्हणजे तो पात्र ठरतो. मग प्रमाण मानल्या जाणाऱ्या, मधल्या पातळीच्या सिल्व्हर योजनेसाठी त्याने उत्पन्नाच्या २.१ टक्के, म्हणजे महिन्याला साधारण २८ डॉलर भरायचे. गेल्या वर्षापर्यंत एवढ्या उत्पन्नाला तेवढेही भरावे लागत नव्हते. ती वाढीव सबसिडी डिसेंबरअखेर संपली. त्याने सिल्व्हरच घ्यावी, कारण डिडक्टिबल (विमा लागू होण्याआधी आपण स्वतः भरायची रक्कम) आणि इतर खर्च कमी करणारी जादा सवलत फक्त तिच्यावरच मिळते.

आकडा फुगवून मात्र लिहू नका. अंदाज प्रामाणिक असेल आणि वर्षअखेरीस उत्पन्न १५,६५० च्या खाली गेले, तर त्या कारणाने सबसिडी परत मागत नाहीत. जाणूनबुजून खोटे लिहिले असेल तर हे संरक्षण राहत नाही. उलट उत्पन्न अंदाजापेक्षा वाढले, तर जादा घेतलेली रक्कम २०२६ पासून पूर्ण परत करावी लागणार आहे; पूर्वी कमी उत्पन्नवाल्यांना त्यावर मर्यादा होती. म्हणून एखादे मोठे काम मिळाले की त्याच महिन्यात मार्केटप्लेसवर नोंद बदलायला सांग.

त्याने इकडे राहायला यावे का, असे तू विचारलेस. यावे, पण विस्तारातल्या मेडिकेडसाठी २०२७ पासून महिन्याला ८० तास काम, शिक्षण किंवा तत्सम गोष्टी दाखवण्याची अट येत आहे. ती न पाळल्यामुळे ज्याचे मेडिकेड जाईल त्याला सबसिडीही मिळणार नाही, असे कायद्यातच लिहिले आहे. शिकवण्यांच्या तासांची नोंद ठेवायची सवय त्याला आतापासूनच लाव.

ग्रीन कार्डवर नव्याने आलेल्यांची एक वाट तर या १ तारखेपासून बंदच झाली. पहिली पाच वर्षे मेडिकेड मिळत नाही म्हणून दारिद्र्यरेषेखाली असूनही त्यांना सबसिडी मिळत असे, ती आता मिळणार नाही. तुझ्या ओळखीत कुणाचे आईवडील तसे आले असतील, तर त्यांनाही कळव.

शौनकच्या अर्जाची मुदत १५ जानेवारीची आहे. तोपर्यंत अर्ज झाला तर विमा १ फेब्रुवारीपासून लागू होईल. व्याजाचा दाखला बँकेकडून आला की मला फोन कर, आपण तिघे मिळून अर्ज भरू. मीनाताईंना नमस्कार सांग.

तुझा,
अविनाश