ढिलं पडलं तरी कसू नको

चाचा, सलाम.

नातीला म्हणावं, सावकाश वाचून दाखव. मराठी तुम्हाला समजतं, वाचायचा कंटाळा येतो, हे तुम्हीच सांगितलं होतं.

एप्रिलमध्ये परभणीहून मी संभाजीनगरात तुमच्या शहागंजातल्या खोलीवर आलो, आजोबांचा साइड ड्रम चादरीत गुंडाळून. तुमच्याआधी तो ड्रम मी कुठं कुठं नेला, हे तेव्हा सांगितलं नाही. लाज वाटली. आता सांगतो.

पुण्यातल्या एका जुन्या वस्तूंच्या दुकानात मालकानं ड्रमपेक्षा मलाच जास्त न्याहाळलं. "बँडवाल्याच्या घरी एवढी भारी चीज कुठून आली?" असं विचारलं. पावती मागितली. आजोबांनी मुक्तिसंग्रामानंतरच्या वर्षांत हैदराबादेत जुना म्हणून घेतलेला ड्रम, त्याची पावती! आणि मग हाच माणूस म्हणतो, हा १८५७च्या बंडातला आहे, पॉलिश मारून आणा, गिऱ्हाईक बघतो. म्हणजे आम्ही चोर, पण माल चालेल. दुसऱ्या एका वाद्याच्या दुकानात तर चादरसुद्धा पुरती सोडू दिली नाही. मेरठचा माल आहे म्हणाले, पितळेच्या भावानं देऊन टाका. मेरठची जली कोठी आम्हालाही माहीत आहे की. आमच्या बँडची निम्मी वाद्यं तिथलीच आहेत, आणि त्यात कमीपणा काहीच नाही. पण न बघता सांगायचं?

मग मी रात्र रात्र मोबाईलवर वाचत बसलो. अमेरिकेतले ड्रम कसे ओळखायचे हे मला आता तोंडपाठ आहे. लुडविग कंपनीच्या ड्रमाच्या बिल्ल्यावर १९६३च्या सुमारास नंबर यायला लागले, त्या काळातल्या काही ड्रमांच्या आत तारखेचा शिक्का सापडतो. स्लिंगरलँड कंपनीच्या रेडिओ किंग ड्रमाचं भांडं मेपलच्या एकाच फळीचं, वाफेवर वाकवलेलं. सगळं खरं आहे, पण आमच्या ड्रमाला ना बिल्ला, ना नंबर, ना लाकडाचं भांडं. पितळ, वर-खाली लाकडी कडी, पानं ताणायच्या आठ सळया आणि खालच्या चामड्याच्या पानावर तात. स्प्रिंग नाही, तात, आतड्याची दोरी.

तुम्ही आधी हात धुतले. ड्रम मांडीवर घेतला आणि पहिला प्रश्न विचारला तो आजोबांबद्दल. काय वाजवायचे, कुठल्या बँडात होते, शेवटचं लग्न कोणतं. मी सांगत होतो आणि तुमचा अंगठा भांड्यावरून फिरत होता. मध्येच थांबलात. तोंड जवळ नेऊन पितळेवर वाफ सोडलीत, आरशावर सोडतात तशी. त्या वाफेत अक्षरं वर आली. हॉक्स अँड सन, डेनमन स्ट्रीट, लंडन. मी लहानपणापासून त्या ड्रमाशेजारी झोपलोय चाचा, मला ती कधी दिसली नव्हती. वाफ विरली तशी अक्षरंही गेली. तुम्ही म्हणालात, "पॉलिश नक्को मारू बेटा. और दो बार घिसे तो नाम गया." पुण्यातल्या त्या माणसाचं ऐकलं असतं तर, या विचारानं माझ्या पोटात खड्डा पडला.

मग तुम्ही हॉक्स आणि बूझीचं लग्न लावून दिलंत. दोन वेगळ्या कंपन्या, १९३०मध्ये एक झाल्या, पुढच्या ड्रमावर दोन्ही नावं जोडीनं. इथं एकटा हॉक्स, म्हणजे लग्नाआधीचा. मी हट्टानं विचारलं, नक्की साल? "तीस के पहले का. उससे जास्ती बोल्या तो झूट होता." मला हे फार आवडलं. १८५७वाल्यानं एका मिनिटात साल सांगितलं होतं.

सरकारी बाणही शोधलात, तो तीन रेघांचा, इंग्रज सरकारच्या मालावर ठोकलेला. कुठंच सापडला नाही. मग सळया एकेक करून बोटानं चाचपल्या आणि एकीवर थांबलात. हिचे आटे वेगळे, ही मिलिमीटरची, बाकीच्या सात इंचाच्या. म्हणजे इंचाचा जमाना सरल्यावर कुणीतरी बसवली. आमच्या गल्लीत तेव्हा सायकलच्या दुकानाशिवाय आटे पाडणारं कोण होतं? आजोबांनी तिथंच करून घेतली असणार. मला वाटलं, आता म्हणतील बदलून टाका. तर म्हणालात, राहू दे, तीही त्यांचीच आहे.

पान फाटलेलं नव्हतं तरी मी प्लास्टिकचं टाका म्हणत होतो. तुम्ही नुसतं हसलात. अमेरिकेत १९५७ला प्लास्टिकची पानं निघाली, त्याच्या आधीपासून हे चामडं वाजत असेल कदाचित, असं म्हणालात आणि चावी मागितलीत. सळया वरपासून खालपर्यंत एकसंध असल्यानं एक फिरवली की दोन्ही पानांवर ताण येतो किंवा उतरतो. तुम्ही समोरासमोरच्या सळया अर्धा अर्धा फेरा सैल केल्यात, दर वेळी कान लावून. मराठवाड्यातला उन्हाळा, चामडं सुकून आवळतं, असंच ताणलेलं राहिलं तर एका दुपारी फाटेल, हे मला समजावलंत. पैसे घेतले नाहीत. उलट मलाच चहा पाजलात.

एवढं सगळं करणारा माणूस आणखीही कुठं भेटला असता कदाचित. पण पत्र लिहायला बसलो ते नंतरच्या गोष्टीमुळं.

मृगाचा पहिला पाऊस झाला त्या संध्याकाळी फोन वाजला. नंबर ओळखीचा नव्हता. "परभणी में पानी पड्या क्या?" मी म्हटलं, हौ, पड्या. "तो सुन. चमडा ढीला पडेंगा. ढीला पड्या तो बी कसना नै. अब्बी कसेंगा तो अक्टूबर की धूप में फटेंगा." आणि फोन ठेवलात. तब्येत नाही, पाणी नाही, कामधंदा नाही. चाळीस सेकंद.

दोन महिने झाले होते चाचा. तुमच्याकडं रोज कुणाची ना कुणाची वाद्यं येतात. संभाजीनगरात आभाळ भरून आलं आणि तुम्हाला परभणीतल्या एका पत्र्याच्या खोलीतलं चामडं आठवलं. आईला सांगितलं तर ती चुलीपुढं बसूनच डोळे पुसायला लागली. म्हणाली, सोयऱ्यांना आपली अशी आठवण येत नाही. भलेपणा म्हणजे मोठं दान, मोठा सत्कार, हार-तुरे असं आपल्याकडं समजतात. मला आता भलेपणा म्हटलं की तो चाळीस सेकंदांचा फोन आठवतो, ज्यात "कसा आहेस" एवढंही नव्हतं.

आज बाहेर झड लागली आहे. ड्रम ओट्यावर नाही, आत फळीवर ठेवलाय. मघाशी अंगठ्यानं पान दाबून पाहिलं, ओल्या भाकरीसारखं खाली जातंय. तात तर खालच्या पानाला टेकतही नाही. लहान पोरगं चावी घेऊन मागं लागलं होतं. ती मी डब्यात टाकून वर कपाटावर ठेवली.

दिवाळीआधी येतो, ड्रम घेऊन. कसायचा तो तुमच्याच हातानं. आणि चहा या खेपेला माझ्याकडून, हे आत्ताच सांगून ठेवतो.

तुमचा,
परभणीचा बँडवाला