टेकडीवरच्या बंबखान्याची फरशी

प्रिय वसंता,

टेकडीवरच्या बंबखान्याच्या, म्हणजे आपल्या जुन्या अग्निशमन केंद्राच्या, दुरुस्तीचा आराखडा काल हाती आला, म्हणून लिहितोय. दुसऱ्या कोणाला सांगितलं तर "एवढं काय त्यात?" म्हणतील. माझा गुडघा बरा आहे, साखर आटोक्यात आहे.

दाराकडे उतरत जाणारी फरशी आराखडेवाल्यांना "खचलेली" वाटली, ती भरून सपाट करायची म्हणे. मधोमधची दोन नळांची तोंडं म्हणजे जुनं गटार, ती काँक्रीटने बुजवायची. आणि मनोरा निरुपयोगी, म्हणून छतापर्यंत उतरवायचा. सोबत इतिहास जोडलाय. त्यात विटा आहेत, कमानी आहेत, उद्घाटनाची पाटी आहे, पण तिथे काम कसं चालायचं याची एक ओळ नाही. इमारत उभी राहील रे, पण ती बंबखाना होती हे तिच्याकडे बघून कळणार नाही.

आधी नळांचं घे. वाफेच्या बंबाचं बॉयलर गार असेल तर कामाची वाफ धरायला दहाएक मिनिटं जायची. म्हणून तळघरात लहान बॉयलर कायम पेटता ठेवायचे. तिथलं गरम पाणी एका नळाने वर बंबाच्या बॉयलरमध्ये जायचं आणि दुसऱ्याने खाली परतायचं. घोड्यांनी बंब पुढे ओढला की जोड आपोआप सुटायचा, झडपा मिटायच्या. निघतानाच भट्टी पेटवायची, आणि पाणी आधीच तापलेलं असल्यामुळे वाटेतच वाफ धरायची. त्या तोंडांना पितळी बैठक आहे, वसंता. गटाराला पितळी बैठक कोण बसवतं?

फरशीचा उतार पन्नासात एक आहे. तीन टनांचा बंब अशा उतारावर साठ किलोंच्या जोराने स्वतःच दाराकडे रेटत असतो. लोखंडी धावेची चाकं गुळगुळीत फरशीवर हलवायला लागणारा जोर त्यातच निघतो, म्हणून चाकाखालचा ठोकळा काढला की बंब चालू लागायचा. धुण्याचं पाणीही आपसूक बाहेर. छतातल्या कड्यांबद्दल आराखड्यात अवाक्षर नाही. घोड्यांचा साज त्या कड्यांना टांगलेला असायचा. घोडे जागेवर आले की दोरी ओढायची, साज पाठीवर पडायचा, गळ्याचं बिजागरीचं कडं मिटायचं. वरच्या रस्त्याला उघडणारं मागचं दार यांनी "अधिकाऱ्यांचं प्रवेशद्वार" करून टाकलंय. ते गवताचं दार आहे! चढावरच्या इमारतीचा हाच फायदा, गाडी थेट माळ्याला लागते. सरकत उतरायचा खांबसुद्धा अशा गवताच्या माळ्यातूनच आला. 1878 मध्ये शिकागोच्या डेव्हिड केन्यन यांनी तो कायमचा बसवला.

आता आपलं जुनं भांडण. तू म्हणायचास, केंद्र माथ्यावरच हवं, म्हणजे आगीच्या प्रत्येक वर्दीला उतारच उतार. अजूनही मला पटत नाही. दहात एक उतारावर तोच बंब घोड्यांना मागून तीनशे किलोंनी ढकलतो. ब्रेकचे लाकडी ठोकळे तापून धूर काढतात, म्हणून मागच्या चाकाखाली साखळीने बांधलेली लोखंडी पट्टी सरकवावी लागायची. पायथ्याला बांधलं तरी पंचाईतच. घोडा सलग ओढतो तो आपल्या वजनाच्या साधारण दहाव्या हिश्श्याइतका. सहाशे किलोंचे तीन घोडे धरले तरी एकशे ऐंशीच होतात. तीनशेचा चढ ते दमादमानेच चढणार. बांधणाऱ्यांनी निम्म्या चढावरची जागा निवडली ती हे ओळखून.

पाण्याचा हिशेबही तेच सांगतो. दर दहा मीटर उंचीला साधारण एक किलोचा दाब जातो (किलो म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला). पंपाने सात किलो दिले आणि होजच्या, म्हणजे बंबाच्या लांब नळीच्या, टोकाचं नोझल तीस मीटर वर असलं तर उरतात चार, त्यातून होजमधलं घर्षण वजा. चढावर नेलेली लाइन भरलेली असताना पंप थांबला की ती उलटी वाहते, म्हणून डिलिव्हरीला, म्हणजे पंपातून पाणी बाहेर पडतं त्या तोंडाला, एकमार्गी झडप हवीच. खाली सोडलेल्या लाइनमध्ये उलट दाब वाढत जातो आणि जुना होज शेवटच्या जोडाशी फुटतो. 63 मिलिमीटरच्या पंधरा मीटर होजमध्ये पाणीच सत्तेचाळीस किलो असतं. भरल्यावर होज चढावर ओढत बसू नये, कोरडा नेऊन मग पाणी सोडावं.

सॅन फ्रान्सिस्कोने हे फार महागात शिकलं. 1906 च्या भूकंपात पाण्याचे नळ फुटले. चर्च स्ट्रीट आणि 20 व्या रस्त्याच्या चौकातल्या हायड्रंटला, म्हणजे आगीसाठीच्या रस्त्यावरच्या नळाला, पाणी होतं, पण घोडे थकलेले. लोकांनी बंब हातांनी चढावर ओढले. पुढे त्यांनी आगीसाठी वेगळी जलव्यवस्था बांधली. ट्विन पीक्सवर सुमारे 230 मीटर उंचीला चार कोटी लिटरचा तलाव, आणि खाली दोन टाक्या. तलावाचा पुरता दाब थेट खाली सोडला तर तेवीस किलो होतो, म्हणून तो मधल्या टाक्यांमध्ये कमी करायचा.

मनोऱ्याचंच मला सगळ्यात जास्त लागलंय. कॅनव्हासचा होज ओला गुंडाळला की बुरशी धरतो, उन्हात टाकला की धागा कमकुवत होतो. मधोमध आकड्याला अडकवला तर दुमडीवर ताण येतो आणि तिथेच चीर जाते. म्हणून मनोऱ्यात सावलीत, एका टोकाने, पूर्ण लांबीचा वाळत टांगायचा. पंधरा मीटरच्या होजला आत त्याहून जास्त मोकळी उंची लागते. वर झडपांच्या खिडक्या वाऱ्यासाठी, तळाशी नाली. सिंथेटिक होज आले आणि ही गरज संपली, हे खरं. पण मग मनोरा का होता, ते तरी लिहा!

फरशी ओतण्याआधी एवढं व्हायला हवं: दारापासून मागच्या भिंतीपर्यंत पाण्याच्या नळीने पातळी घेणं, मनोऱ्याची आतली उंची आणि आकड्यांमधलं अंतर मोजणं, नळ तळघरात कुठे निघतात ते पट्टी ठेवून फोटोत घेणं. रंग कुठेही खरवडायचा नाही. काका गेल्यापासून तिथला तळघराचा रस्ता ओळखणारे आपण दोघंच.

मंजूचं लग्न ठरलं, फार बरं झालं. नव्या घरात गळती थांबली का? वहिनींना नमस्कार.

आणि तो पितळी जोड तुझ्या माळ्यावर आहे ना? त्याचा आतला आणि बाहेरचा व्यास मिलिमीटरमध्ये मोजून लगेच कळव. फरशीतल्या बैठकीशी जुळला, तर मी आराखडेवाल्यांसमोर तो तिथेच बसवून दाखवतो.

तुझा,
नंदू